कंपनी सातासमुद्रापार असली तरी

बाळा, आपलं सरकार परदेशी कंपनीचं काही वाकडं करू शकतं का, हे तू विचारलंस ते फार बरं झालं. तुझ्या वयाच्या पोरी हे विचारतच नाहीत. उत्तर ‘नाही’ असंच असणार, असं धरून चालतात. कंपनी कॅलिफोर्नियात, आपण सातपुड्याच्या पायथ्याशी, तिला आपलं काय पडलंय! मी सरळ सांगते, सरकार करू शकतं. करूनही दाखवलंय. पण दरवेळी मनावर घेत नाही, आणि घेतलं तरी त्यातून तुझ्या पदरात काय पडतं हा निराळा हिशेब आहे. तो नीट समजून घे, कारण नाशिकला नर्सिंगला गेल्यापासून तुझं निम्मं आयुष्य त्या फोनमध्ये आहे.

आधी एक डोक्यातून काढून टाक, की हे शहरातल्या लोकांचे विषय आहेत. माहिती द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यात पुढे आपल्यालाच उभं केलं होतं. २९ सप्टेंबर २०१० ला देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले ते आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. पंतप्रधान मनमोहन सिंग आले, सोनिया गांधी आल्या, दहा गावकऱ्यांच्या हातात क्रमांक पडला. तू तेव्हा अंगणवाडीत जात होतीस. आणि कायदा? आधारचा कायदा झाला मार्च २०१६ मध्ये. खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं २४ ऑगस्ट २०१७ ला. म्हणजे आपल्या माणसांनी बोटं आधी दिली, कायदा साडेपाच वर्षांनी आला आणि हक्क जवळजवळ सात वर्षांनी.

त्या कामातही परदेशी कंपन्या होत्याच. ठसे आणि बुबुळं जुळवून बघायचं तंत्र आधार प्राधिकरणाने २०१० मध्ये ज्यांच्याकडून घेतलं, त्यांत अमेरिकेची एल-१ होती आणि महिंद्र सत्यमच्या जोडीने फ्रान्सच्या सॅफ्रान समूहातली मॉर्फो होती. पुढच्याच वर्षी सॅफ्रानने एल-१ विकत घेतली. करार एका मालकाशी झाला आणि वर्षभरात मालक दुसराच! माहितीच्या धंद्यात हे सर्रास चालतं, म्हणून तुला सांगून ठेवते.

सेतू केंद्रात माझ्या टेबलावर अंगठे घेण्याचंच काम असतं. मिरचीच्या पथारीवर देठं खुडून खुडून बोटं गुळगुळीत झालेली एक आजी मध्ये येऊन गेली. अंगठा ठेवला, यंत्राने नाकारला. मी ओल्या फडक्याने पुसून दिला, पुन्हा नाकारला. मग तिने स्वतःच पदराने बोट घासघासून कोरडं केलं, दुसऱ्या हाताने त्यावर दाब दिला आणि तिसऱ्यांदा ठेवलं. ते चालू असताना तिने विचारलं, “माय, मना अंगठा कोठे जास?” एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला मोजक्याच लोकांनी विचारलाय. मी तिला सांगितलं, तुझा अंगठा सरकारच्या संगणकावर जातो, तो संगणक आपल्या देशातच आहे, तिथे आधीच्या ठशाशी ताडून बघतात. तिने मान हलवली आणि विचारलं, मग तो तिथून परत येतो का? नाही येत, आजी.

हाच प्रश्न न्यायालयात नेला होता तो कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका निवृत्त न्यायमूर्तींनी, के. एस. पुट्टस्वामींनी. २०१२ साल, वय ऐंशीच्या पुढे. सरकारी वकिलांनी पुढे सुनावणीत भूमिका घेतली की असा मूलभूत हक्कच राज्यघटनेत नाही. खासगीपणा ही वरच्या वर्गाची कल्पना आहे, गरिबाला आधी अन्न हवं, असाही सूर लागला. २०१७ च्या त्या निकालात न्यायालयाने तो सपशेल फेटाळला. गरिबाला फक्त पोटाची काळजी असते, त्याला हक्कांचं काय, हे सांगूनच आजवर माणसांना दाबलं गेलंय, असा त्या निकालाचा आशय आहे. आपल्या जिल्ह्यात जवळपास ७० टक्के लोक आदिवासी आहेत. या निकालाचं हे पान त्यांच्या हातात कुणी ठेवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता सरकारचा हात किती लांब पोचतो ते बघ. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला एक परिपत्रक काढलं. भारतात होणाऱ्या पैशाच्या व्यवहारांची सगळी माहिती भारतातच साठवायची, मुदत सहा महिने. मोठमोठ्या अमेरिकी कंपन्यांनी मुदतवाढ मागितली, तिकडच्या सरकारकडूनही रदबदली झाली. रिझर्व्ह बँक हलली नाही. मे २०२१ पासून अमेरिकन एक्स्प्रेस आणि डायनर्स क्लब यांना नवे ग्राहक घ्यायला बंदी घातली, जुलैमध्ये मास्टरकार्डला. जुनी कार्डं चालू ठेवली, त्यामुळे लोकांचे हाल झाले नाहीत, पण धंदा वाढवणं ठप्प. मास्टरकार्डवरची बंदी उठली ती जून २०२२ मध्ये, माहिती देशात ठेवण्याची अट मनासारखी पाळली गेल्यावर. एवढी जगभर पसरलेली कंपनी, आणि मुंबईतल्या एका कार्यालयाच्या पत्रावर अकरा महिने ताटकळली.

हे जमलं कशामुळे, ते आपल्या नंदुरबारच्या मिरची बाजारात बघ. बाहेरगावचा व्यापारी कितीही बडा असो, बाजार समितीच्या काट्यावरच माल मोजतो, कारण त्याला मिरची हवी असते. उद्या समितीने त्याला आवारातच येऊ दिलं नाही तर त्याच्या बंगल्याला, मोटारींना काही अर्थ नाही. परदेशी कंपनीला भारताची बाजारपेठ हवी आहे. पन्नास कोटींच्या आसपास माणसं इथे व्हॉट्सॲप वापरतात, जगात दुसऱ्या कुठल्या देशात इतकी नाहीत. तेव्हा ‘त्यांना आपलं काय पडलंय’ हे साफ खोटं आहे. त्यांना आपलं फार पडलंय.

मग व्हॉट्सॲपचं काय झालं? तिथे मात्र घोडं पेंड खात राहिलं.

फेसबुकने २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरचा सौदा करून व्हॉट्सॲप घेतलं. तुमच्या माहितीला धक्का लागणार नाही, असा शब्द तेव्हा लोकांना दिला होता. ऑगस्ट २०१६ मध्ये धोरण बदललं, फोन नंबर आणि इतर काही माहिती फेसबुकला द्यायचं ठरलं. याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात कोण गेलं असेल? दोन विद्यार्थी, तुझ्याच वयाचे. न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६ ला सांगितलं की २५ तारखेच्या आधी जे ॲप सोडतील त्यांची माहिती पुसून टाका, आणि तोवरची कुणाचीच माहिती पुढे देऊ नका. ते दोघे तेवढ्यावर थांबले नाहीत, सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे ते घोंगडं भिजत पडलं.

जानेवारी २०२१ मध्ये सगळ्यांच्या फोनवर ती सूचना आली होती, आठवते? ‘मान्य करा’. मान्य नसेल तर ॲप सोडा, एवढीच सोय. आपल्या घरात ती कुणीतरी वाचली का? काकाने हिरव्या बटणावर बोट ठेवलं आणि भावकीच्या ग्रुपवर हळदीचे फोटो टाकायला लागला. त्यात काकाची चूक नाही. गावाचा रेशनवाला, शाळेचे मास्तर, ग्रामसेवक, सगळे त्याच ॲपवर असताना माणूस सोडून जाणार कुठे? युरोपातल्या लोकांना मात्र वेगळ्या अटी होत्या, कारण तिथे २५ मे २०१८ पासून माहिती-संरक्षणाचा कडक कायदा लागू होता. आपल्या केंद्र सरकारने कंपनीला पत्र लिहिलं, धोरण मागे घ्या म्हणून. पत्रापुढे काही करायला हातात कायदाच नव्हता.

तेव्हा पुढे आला तो स्पर्धा आयोग. त्याचं काम खरं तर बाजारातली दादागिरी रोखायचं. पण आयोगाने म्हटलं, दुसरा पर्याय नसलेल्या माणसाला ‘घ्या नाहीतर जा’ म्हणणं हीच दादागिरी. मार्च २०२१ मध्ये चौकशी लावली. कंपनी चौकशीलाच आव्हान देत उच्च न्यायालयात गेली, हरली, वरच्या पीठाकडे गेली, हरली, सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथेही हरली. यातच २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. निकाल आला १८ नोव्हेंबर २०२४ ला. दंड २१३ कोटी १४ लाख, आणि जाहिरातींसाठी व्हॉट्सॲपची माहिती मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्या मूळ कंपनीच्या, इतर कंपन्यांना द्यायला पाच वर्षं बंदी. दोनच महिन्यांत कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने बंदीला स्थगिती दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि पाच वर्षांची बंदी काढून टाकली. प्रकरण त्याच्याही पुढे गेलंच.

२१३ कोटी ऐकून तुझे डोळे विस्फारतील. माझेही विस्फारले होते. मग मी कागद घेऊन बसले. मेटाची २०२४ ची कमाई १६४ अब्ज डॉलरच्या वर, म्हणजे ढोबळमानाने १४ लाख कोटी रुपये. वर्षाच्या तासांनी भाग दे. तासाला दीडशे कोटींच्या वर येतात. पावणेचार वर्षं चाललेल्या लढाईचा दंड त्या कंपनीच्या दीड तासाच्या मिळकतीएवढाही नाही. याला धाक म्हणत नाहीत.

धाक कसा असतो ते आयर्लंडने दाखवलं. आपल्या एखाद-दुसऱ्या जिल्ह्याएवढी लोकसंख्या असलेला तो देश, पण मेटाचं युरोपातलं मुख्य कार्यालय डब्लिनला आणि पाठीशी अख्ख्या युरोपचा कायदा. मे २०२३ मध्ये तिथल्या माहिती-संरक्षण आयोगाने मेटाला १२० कोटी युरोंचा दंड केला, युरोपीय लोकांची माहिती पुरेशा संरक्षणाशिवाय अमेरिकेत नेल्याबद्दल. हे सगळं सुरू झालं ते मॅक्स श्रेम्स नावाच्या कायद्याच्या एका ऑस्ट्रियन विद्यार्थ्यापासून. २०११ मध्ये त्याने फेसबुकला एवढंच लिहिलं, माझी तुमच्याकडे जी माहिती आहे ती मला द्या. बाराशेहून जास्त पानं आली. त्यात त्याने स्वतः पुसून टाकलेले निरोपही होते. त्या पानांवरून त्याने तक्रारी केल्या आणि युरोप-अमेरिकेतले माहिती देवाणघेवाणीचे दोन करार न्यायालयात रद्द करून घेतले, एक २०१५ मध्ये, दुसरा २०२० मध्ये. दिल्लीचे ते दोघे आणि हा श्रेम्स, कुणाच्याही मागे पैसा नव्हता, पद नव्हतं. फरक पडला तो त्यांच्या देशातल्या कायद्यामुळे.

आता तू म्हणशील, टिकटॉकला तर एका रात्रीत हाकललं ना! हो. २९ जून २०२० ला ५९ चिनी ॲप बंद केली. पण हाकलून लावणं म्हणजे जाब विचारणं नव्हे, हे लक्षात ठेव. गलवानच्या चकमकीनंतर देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन ते केलं. आपल्याकडच्या किती पोरापोरींनी अहिराणी गाण्यांवर, होळीच्या ढोलावर व्हिडिओ केले होते. शेतात राबणाऱ्या बायकांना लोक ओळखायला लागले होते. ते सगळं रातोरात गेलं. तोवर गोळा झालेल्या त्यांच्या माहितीचं काय केलं, कुठे ठेवली, पुसली का, हे त्या पोरींना कुणी सांगितलं? बंदीच्या बातम्या महिनाभर चालल्या, पण हा प्रश्न मला कुठे दिसला नाही.

म्हणून तुला म्हणते, मोठ्या आवाजातल्या बातमीवर भाळू नकोस. सरकार आणि कंपनी यांच्या भांडणात तू कुठे आहेस, एवढंच बघत जा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरची खरी बंधनं लागू होणार मे २०२७ पासून. त्यात चांगलं बरंच आहे. कंपनी परदेशात बसून भारतातल्या माणसाला सेवा देत असेल तरी हा कायदा तिला लागू. दंड २५० कोटींपर्यंत. तुझी माहिती काय आहे ते विचारायचा, दुरुस्त करायचा, पुसून घ्यायचा हक्क तुला मिळणार आहे. तक्रारीला ९० दिवसांच्या आत उत्तर द्यायचं बंधन आहे. हे सगळं पाठ कर, तुझ्या हॉस्टेलच्या पोरींनाही सांग.

पण दंड जातो कुठे? भारताच्या संचित निधीत. म्हणजे तुझी माहिती फुटली, तुझी अब्रू गेली, आणि पैसे सरकारी तिजोरीत जमा. नुकसानभरपाई मागायची जी वाट जुन्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ४३अ कलमात होती, तीही हा कायदा काढून टाकतो. शिवाय खोटी तक्रार केल्याचं ठरलं तर तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड. माझ्या मते हे सरळ अन्यायाचं आहे. सगळं अंगावर काढणाऱ्या बाईला तक्रारीपासून आणखी दूर लोटणारं आहे.

दुसरं तुला जास्त कळेल. माहिती घेताना कंपनीने परवानगी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मागायची, अशी तरतूद आहे. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. मराठी आहे. भिली नाही. पावरी नाही, मावची नाही, अहिराणी नाही. म्हणजे धडगाव-अक्कलकुव्याच्या ज्या बाईला मराठी जेमतेम समजतं तिने जी ‘संमती’ दिली ती कायद्याला चालणार, तिला कळली असो वा नसो. टेंभलीच्या जिल्ह्यात तरी हे कुणाच्या लक्षात यायला हवं होतं.

आणि सरकारकडे स्वतःसाठी मोकळं दार आहे. केंद्राने ठरवलेल्या सरकारी यंत्रणांना या कायद्यातून सूट देता येते, अनुदान आणि योजनांसाठी माहिती वापरायला वेगळी संमती लागत नाही, आणि तक्रारी ऐकणाऱ्या मंडळावरची माणसं केंद्रच नेमणार. या कायद्याचा पहिला मसुदा ज्यांच्या समितीने २०१८ मध्ये दिला ते न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, मुंबईच्या दंगलींची चौकशी केलेले, आपल्या माणसांना चांगले ठाऊक. पुढे २०१९ च्या विधेयकात सरकारला मिळालेली सूट बघून तेच जाहीरपणे म्हणाले की हे धोक्याचं आहे. दुसरीकडे, फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या राज्य सरकारने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणायला मेटाशीच हातमिळवणी केली. स्पर्धा आयोगाने दंड केल्याला तेव्हा तीन महिने झाले होते. सेवा घरबसल्या मिळाल्या तर धडगावच्या माणसाची एक दिवसाची मजुरी वाचते, हे मला माझ्या टेबलावर दिसतं, त्यामुळे मी त्याला नावं ठेवत नाही. पण ज्याच्यावर अंकुश ठेवायचा त्याच्याच खांद्यावर सरकार आपलं ओझं टाकायला लागलं की अंकुश सैल पडतो, ही माझी काळजी आहे.

आता तुझ्या त्या दुसऱ्या गोष्टीकडे येते, जी तू आवाज खाली करून विचारलीस. पाळीच्या तारखा नोंदवायचं ॲप. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि तू विचारलंस हे शहाणपणाचं केलंस. फ्लो नावाचं असंच एक ॲप जगभर बायका वापरतात. तारखा, दुखणं, गरोदर राहायचा विचार आहे का, सगळं त्यात भरतात. ही माहिती बाहेर देणार नाही असं सांगूनही ती फेसबुक, गूगलसारख्यांकडे जात होती, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२१ मध्ये फ्लोला तडजोड करावी लागली. कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात बायकांनी मिळून वेगळा दावा लावला. फ्लो आणि गूगलने पैसे देऊन मिटवलं, मेटा लढत राहिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ज्युरीने मेटाला दोषी धरलं. मेटाला तो निकाल मान्य नाही. पण बघ, तिथे सरकार वेगळं लढलं आणि बाया वेगळ्या लढल्या. आपल्याकडे ती दुसरी वाट अरुंद होत चाललीय, म्हणून तुला सावध राहावं लागेल.

नुसतं ॲप फोनवरून काढून टाकू नकोस. तसं केलं तर भरलेली माहिती त्यांच्याकडे तशीच राहते. आधी ॲपच्या आत जा, खातं कायमचं बंद करायचा पर्याय शोध, तो पूर्ण कर, मग ॲप काढ. तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल गोपनीयता धोरणाच्या तळाशी असतो, त्यावर दोन ओळी लिही की माझी सगळी नोंद पुसा आणि तसं कळवा. उत्तर आलं नाही तरी तो ईमेल जपून ठेव, मे २०२७ नंतर उपयोगी पडेल. आणि तारखांचं म्हणशील तर कालनिर्णयच्या चौकोनात एक ठिपका पुरतो. आईने आयुष्यभर तेच केलं.

कर्जाच्या ॲपबद्दल मात्र मी कडकच बोलणार आहे. आपल्या ओळखीतल्या एका मुलीने फी भरायला पाच हजार घेतले. ॲपने सुरुवातीलाच फोनमधली सगळी नावं-नंबर बघायची परवानगी मागितली, तिने दिली. हप्ता आठ दिवस चुकला आणि मामाला, वर्गशिक्षिकेला, गावच्या सरपंचाला फोन गेले. नंतर तिचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या अंगाला जोडलेला फोटो आला. ती पोरगी महिनाभर घराबाहेर पडली नाही. ते ॲप चालवणारा कोण, कुठल्या देशात बसतो, याचा पत्ताच लागला नाही. इथे जाब विचारणार तरी कुणाला?

रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ लाच नियम केलाय की कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. तेव्हा जे ॲप नंबरांची परवानगी मागतं ते तिथेच बंद कर, पुढे वाचूही नकोस. मान्यताप्राप्त कर्जदात्यांच्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर २०२५ पासून आहे, त्यात नाव नसेल तर विषय संपला. आणि कुणी धमकावलंच तर पैसे भरून गप्प बसायचं नाही. १९३० ला फोन करायचा, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायची, धमकीचे निरोप पुसायचे नाहीत. पैसे हवे असतील तर आधी मला सांग. मी रागावणार नाही.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. दोन वर्षांनी तू नर्स होशील. तेव्हा माहिती देणारी तू नसशील, घेणारी असशील. सिकलसेलची तपासणी घेऊन पाड्यावर जाशील, एकेका पोरीच्या बोटाला टोचशील, नाव, गाव, जात, निकाल टॅबलेटवर भरशील. वाहक निघालेल्या पोरीचं लग्न त्या एका नोंदीवरून मोडू शकतं, हे आपल्या भागात मी तुला सांगायला नको. नव्या कायद्यात आजाराच्या माहितीला वेगळा, जास्त कडक वर्ग ठेवलेला नाही. तुझा फोन नंबर आणि तिचा सिकलसेल कायद्याच्या लेखी एकाच तराजूत आहेत.

म्हणून तिला पावरीत सांग, काय लिहिते आहेस आणि ते कोण बघणार आहे. घाई असली तरी सांग. आणि संध्याकाळी वरून निरोप येईल, आज किती झाले, यादीचा फोटो काढून ग्रुपवर टाका. सगळे टाकतात. नावानिशी यादी व्हॉट्सॲपवर गेली की ती वीस-पंचवीस फोनमध्ये जाते, त्यातल्या कुणाचा फोन पोराच्या हातात असतो, कुणाचा दुरुस्तीला दुकानात. तिथे ना दिल्लीचं सरकार आड येणार आहे, ना कॅलिफोर्नियाची कंपनी. साहेबांना काय म्हणायचं ते आत्ताच ठरवून ठेव: “सर, आकडा पाठवते. नावांची नोंद पोर्टलवर केली आहे, तिथे बघून घ्या.”